परसातील शेड उभारताना आधी वाऱ्याचा हिशेब करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अवजारे, बागेचे सामान, सायकली, रंगाचे डबे आणि घरात न मावणारा इतर पसारा ठेवण्यासाठी परसात एक छोटी शेड स्वतःच्या हातांनी उभारावी, असे अनेकांना वाटते. त्यांतले बरेच जण ती उभारतातही. काम आवाक्यातले आहे. मोजमाप, करवत, ड्रिल आणि पाना ज्याला चालवता येतो आणि जो एका मदतनीसाला बोलावू शकतो, त्याला ते जमते. आणि ते प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावे असे मला मनापासून वाटते. मात्र या विषयावर जे सल्ले दिले जातात, त्यांत भिंतीचा रंग, खिडकीची जागा आणि आतल्या फळ्यांची मांडणी यांविषयी भरपूर मजकूर असतो आणि शेड जमिनीला कशी धरून ठेवायची याविषयी एखादेच वाक्य. हा क्रम उलटा व्हायला हवा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

छोटी शेड वरच्या ओझ्याने खचून पडल्याची उदाहरणे फार थोडी सापडतात. ती निकामी होते ती प्रामुख्याने वाऱ्याने उचलली गेल्यामुळे. मोठ्या इमारतीचे स्वतःचे वजनच तिला खाली दाबून धरते. पत्र्याच्या वा लाकडी शेडला तेवढे वजन नसते, पण छताचे क्षेत्रफळ मात्र वाऱ्याला पुरेसे असते. वारा छतावरून जाताना त्याचा वेग वाढतो आणि छताच्या वर दाब कमी होऊन ओढ निर्माण होते. त्याच वेळी दार उघडे असेल किंवा भिंतीत मोठी फट असेल तर आत शिरलेला वारा छताला खालून ढकलतो. ही ओढ आणि हा रेटा दोन्ही एकाच दिशेने, म्हणजे वर, काम करतात.

याचे गणित कोणालाही करता येण्याजोगे आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्याला 0.6 ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाचा वारा असेल तर हा दाब 240 न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण साडेचोवीस किलो वजनाइतका होतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 144 किलोमीटरला तो 960 न्यूटन, म्हणजे सुमारे 98 किलो भरतो. आता 3 मीटर लांब आणि 2.4 मीटर रुंद अशी एक शेड डोळ्यांसमोर आणा. चारही बाजूंनी 20 सेंटिमीटर पत्रा बाहेर काढला तर छत 3.4 मीटर बाय 2.8 मीटर, म्हणजे सुमारे साडेनऊ चौरस मीटरचे होते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पन्हळी पत्र्याचे एवढे छत पन्नास किलोच्या आतबाहेर भरते. त्याला वर खेचणारे बल पहिल्या वाऱ्यात सव्वादोनशे किलोहून अधिक आणि दुसऱ्यात सुमारे 930 किलो असू शकते. छताचा आकार, उतार आणि दारे-खिडक्यांची उघडीप यांनुसार हा आकडा कमीजास्त होतो, हे खरे. परंतु पन्नास किलोंच्या छताला काहीशे किलोंनी वर ओढले जाते, ही गोष्ट त्याने बदलत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की हे 930 किलो शेवटी कोण धरणार आहे. उत्तर जमिनीत आहे. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे 2400 किलो असते. 45 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल खड्डा काँक्रीटने भरला तर तो साधारण 290 किलोंचा होतो. चार कोपऱ्यांना असे चार खड्डे घेतले तर एकूण वजन साडेअकराशे किलोंच्या थोडे पुढे जाते, म्हणजे हिशेब जेमतेम बसतो आणि हाती राखीव फारसे काही उरत नाही. लांब बाजूंच्या मध्यावर आणखी एकेक, असे सहा खड्डे घेतले तर वजन 1750 किलोंच्या घरात जाते. मी स्वतः सहा खड्ड्यांच्या बाजूने आहे. मातीचे घर्षण आणि शेडचे स्वतःचे वजन हे त्यावरचे जास्तीचे संरक्षण समजावे, त्यावर मूळ हिशेब उभा करू नये.

ज्यांना आत पक्की जमीन हवी आहे, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. 3 बाय 2.4 मीटरची, 10 सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची लादी ओतली तर तिला 0.72 घनमीटर काँक्रीट लागते आणि वजन सुमारे 1730 किलो होते. सहा खड्ड्यांनाही जवळजवळ तेवढेच काँक्रीट लागते. तेव्हा माल तोच, निवड फक्त रूपाची. लादी करायची असेल तर कडेला ती अधिक जाड आणि खोल करावी व आत सळईची जाळी घालावी, कारण ओढ कोपऱ्यांवर येते आणि पातळ लादीचा कोपरा बोल्टसकट तुटून निघू शकतो. बोल्ट काँक्रीट ओले असतानाच बसवणे उत्तम. वाळलेल्या काँक्रीटला भोक पाडून फुगणारा बोल्ट ठोकायचा झाल्यास तो कडेच्या फार जवळ घेऊ नये. बोल्ट आवळताच कड फुटण्याचा धोका असतो. काँक्रीटमध्ये पाणी बेताचेच घालावे आणि किमान सात दिवस ते ओले ठेवावे. कालवायला सोपे जावे म्हणून जास्तीचे पाणी ओतण्याची सवय सर्वत्र दिसते आणि ती काँक्रीटची ताकद थेट कमी करते.

पाया जड झाला म्हणजे काम संपले, असे नाही. पत्र्यावरची ओढ पायापर्यंत पोहोचायची तर मधला प्रत्येक जोड ती पेलणारा हवा: पत्र्याचा स्क्रू आडव्या पट्टीत, आडवी पट्टी वाशाला, वासा खांबाला, खांब त्याच्या तळपट्टीला आणि तळपट्टी काँक्रीटमधल्या बोल्टला. यांपैकी जो जोड सर्वांत कच्चा, तेवढीच त्या शेडची ताकद. लाकडी सांगाड्यात हे विशेष जपावे लागते. खिळा आडव्या ताणाला चांगला टिकतो, परंतु सरळ उपसला जाण्याला तो फारसा विरोध करत नाही, आणि लाकडाच्या टोकाच्या बाजूने, धाग्याच्या दिशेने ठोकलेला खिळा तर सहज सुटतो. वाऱ्याचे हेलकावे दर वेळी त्याला किंचित वर काढत राहतात. म्हणून वासा आणि खांब यांचा जोड लोखंडी पट्टी दोन्हींवरून वळवून स्क्रूने वा आरपार बोल्टने करावा. लोखंडी सांगाड्यात वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा थर जळून जातो आणि गंज तेथूनच सुरू होतो. ती जागा घासून तिला जस्तयुक्त रंग द्यावा. जस्त चढवलेल्या पाइपवर वेल्डिंग करताना निघणारा धूर अपायकारक असतो, तेव्हा ते काम उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच व्हावे.

पत्रा बसवताना ओढ सगळीकडे सारखी नसते, हेही लक्षात घ्यावे. छताच्या कडा, कोपरे आणि आढे येथे ती सर्वांत अधिक असते, त्यामुळे तेथे स्क्रू दाट हवेत आणि मधल्या भागात त्याहून विरळ चालतात. प्रत्यक्षात अनेक जण सर्वत्र सारखेच अंतर ठेवतात, आणि वादळानंतर पाहावे तर पत्रा बहुधा कोपऱ्यातून उलटलेला असतो. पन्हळी पत्र्याला भोक उंचवट्यावर घ्यावे, म्हणजे खोलगट भागातून वाहणारे पाणी भोकापाशी येत नाही. स्क्रूखालचा रबरी वॉशर नुसता दबेल इतकेच आवळावे. जास्त आवळल्यास वॉशर बाहेर येतो, पत्र्याला खळगा पडतो आणि गळती तेथेच सुरू होते. ड्रिलचा लोखंडी कीस पत्र्यावर राहू देऊ नये. तो गंजतो आणि पत्र्याच्या थरालाही गंज लावतो, म्हणून काम संपताच ब्रशने झाडून काढावा.

सांगाडा काटकोनात आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. दोरीने आखणी केल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. 3 बाय 2.4 मीटरच्या आयतात प्रत्येक कर्ण 3 मीटर 84 सेंटिमीटर यायला हवा. कोपऱ्यावर एका बाजूला 3, दुसऱ्या बाजूला 4 आणि तिरपे 5 या प्रमाणाची पडताळणीही तेवढीच विश्वासार्ह आहे. येथे दोन सेंटिमीटरची चूक राहिली तर पत्रा शेवटच्या टोकाला तिरका जातो आणि दार कधीच नीट बसत नाही. खांब ओळंब्याने तपासावेत. त्यानंतर प्रत्येक भिंतीत आणि छताच्या पातळीतही तिरप्या पट्ट्या घालाव्यात, कारण चार पट्ट्यांची नुसती चौकट बोल्टवर फिरून कलू शकते. तिरपी पट्टी घातली की तिचे त्रिकोण होतात आणि त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याखेरीज बदलत नाही. ज्या भिंतीत दार आहे तेथे तिरपी पट्टी घालायला जागा उरत नाही, म्हणून दाराच्या दोन्ही अंगांना आणि वरच्या कोपऱ्यांत जाड पट्ट्यांचे आधार द्यावेत. या एका कारणासाठी दाराची भिंत ही शेडची सर्वांत दुबळी भिंत असते.

दार शक्य असल्यास वाऱ्याच्या नेहमीच्या दिशेला पाठ करून घ्यावे आणि ते बाहेर उघडणारे असावे, म्हणजे आतली जागा वाया जात नाही आणि सामान कोसळून दार अडत नाही. त्याला वर आणि खाली अशा दोन कड्या लावाव्यात. दार वादळात अचानक उघडले की आतला दाब एकदम वाढतो आणि छतावरचा ताण बंद शेडच्या तुलनेत पुष्कळ वाढतो. म्हणून कडी चोरांसाठी जेवढी, त्याहून अधिक वाऱ्यासाठी आवश्यक आहे.

वाऱ्यानंतर पाण्याचा क्रम लागतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या साडेनऊ चौरस मीटरच्या छतावर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 475 लिटर पाणी एकाच बाजूच्या पागोळीतून जमिनीवर पडते, आणि तेही पायाच्या अगदी लगत. ही धार माती उकरते, चिखल भिंतीवर उडवते आणि खड्ड्यातल्या काँक्रीटची बाजू उघडी पाडते. म्हणजे वाऱ्याविरुद्ध उभे केलेले वजन पाणी हळूहळू सैल करते. पन्हळ लावून पाणी पिंपात साठवावे किंवा निदान पागोळीखाली खडीचा पट्टा करून पाण्याला दूर वाट द्यावी. शेडची जमीन भोवतालापेक्षा किमान 15 सेंटिमीटर उंच असावी. लादी ओतण्याआधी खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला तर जमिनीची ओल वर चढत नाही. आणखी एक बारीक गोष्ट येथे आग्रहाने सांगतो: लादीची कड भिंतीच्या बाहेर येऊ देऊ नये. ती बाहेर आली की भिंतीवरून उतरणारे पाणी त्या कडेवर थांबते आणि भिंतीखालून आत शिरते. भिंतीचा पत्रा लादीच्या कडेवरून थोडा खाली उतरवला की हा त्रास मुळातच होत नाही. लोखंडी खांब मातीत पुरण्याऐवजी काँक्रीटच्या वर तळपट्टीवर उभा करावा, कारण जमिनीच्या पातळीवर जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, नेमका तेथे तो आतून खाल्ला जातो आणि वरून रंग शाबूत दिसत राहतो.

छताचा उतार दहास एक हा लहान शेडला, अखंड पत्रा असेल तर, किमान मानावा. पत्र्याला लांबीत जोड असेल तर पाचास एक चांगला. 2.4 मीटर रुंदीला पाचास एक म्हणजे मागच्या आणि पुढच्या भिंतीत 48 सेंटिमीटरचा फरक. लांबीतल्या जोडावर पत्रे किमान 15 सेंटिमीटर एकमेकांवर यावेत, शेजारचे दोन पत्रे दीड ते दोन पन्हळी एकमेकांवर चढावेत, आणि पत्रे बसवण्यास वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करावी, म्हणजे पावसाचा झोत जोडात शिरत नाही. पत्रा बाहेर किती काढायचा याबाबत मात्र पाणी आणि वारा यांची मागणी परस्परविरुद्ध आहे. पावसासाठी तो लांब हवा, वाऱ्यासाठी आखूड. लांब बाहेर काढलेल्या पत्र्याला वारा खालूनही धरतो. 20 सेंटिमीटर हा मला दोन्हींचा मान ठेवणारा मध्य वाटतो.

स्वच्छ रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, आतल्या हवेतली वाफ त्याच्या खालच्या बाजूवर जमते आणि पहाटे थेंब पडू लागतात. छत गळते आहे असे समजून लोक वरून डांबर लावत बसतात. उपाय डांबर नव्हे, हवा आहे. भिंतीच्या तळाशी एका बाजूला आणि छताखाली दुसऱ्या बाजूला बारीक जाळी लावलेले झरोके ठेवावेत, म्हणजे दमट हवा बाहेर जाते आणि उंदरांना वाट मिळत नाही. हे झरोके लहान असल्याने वाऱ्याच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

खालचा झरोका आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. अनेक जण गवत कापण्याच्या यंत्राबरोबर पेट्रोलचा डबाही शेडमध्ये ठेवतात. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी तयार होते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. तेथेच बॅटरी चार्ज करण्याची सोय केलेली असेल तर एक ठिणगी पुरते. शक्यतो इंधन शेडमध्ये ठेवूच नये. ठेवणे भाग पडले तर ते घट्ट झाकणाच्या योग्य डब्यात, थोडेच आणि विजेच्या जोडणीपासून दूर असावे. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून सुटत्या रचाव्यात. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. ते कापताना, भोक पाडताना उडणारे तंतू फुप्फुसांत जातात आणि त्यापासून कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे.

खोदाईपूर्वी जमिनीखालून वीज, पाणी वा गॅसची वाहिनी जाते का याची खात्री करून घेणे, हद्दीपासून किती अंतर सोडायचे आणि परवानगी लागते का हे आपल्या स्थानिक कार्यालयात विचारणे आणि पत्रे वर चढवण्याचे काम वारा पडलेला असतानाच करणे, या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात, तरी घाईत राहून जातात. एक मोठा सुटा पत्रा हातात असताना आलेला झोत माणसाला शिडीवरून खाली आणू शकतो. प्रकाशासाठी लावलेल्या पारदर्शक पत्र्यावर पाय देऊ नये. तो माणसाचे वजन पेलत नाही.

अनेक ठिकाणी ठरावीक आकारापेक्षा लहान शेडला परवानगी लागत नाही. सवलत योग्य आहे, पण तिच्यामुळे कोणी जाणकार तो आराखडा पाहत नाही आणि जबाबदारी पूर्णपणे उभारणाऱ्यावर येते. त्यात तयार शेडच्या अनेक संचांत जमिनीला बांधण्याचे सामान वेगळे घ्यावे लागते, आणि जे वेगळे घ्यायचे ते घेतले न जाण्याची शक्यता नेहमीच अधिक. अशा संचाच्या विक्रेत्यांनी बोल्ट आणि तळपट्ट्या संचातच द्याव्यात, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ती शेड किती वेगाच्या वाऱ्यासाठी आहे व तिला किती वजनाचा पाया लागतो हे आकड्यांत छापावे, अशी माझी मागणी आहे. उडालेला पत्रा मालकाच्या परसात राहत नाही. तो शेजाऱ्याच्या अंगणात, रस्त्यावर, विजेच्या तारांवर जातो, म्हणून ही माहिती देणे विक्रेत्यांच्या मर्जीवर सोडता येणार नाही. आपल्या वृत्तपत्राच्या घरासंबंधीच्या पानांवरही रंगसंगतीबरोबर पायाची आणि जोडांची एखादी मोजमापांसह आकृती छापली जावी, अशी आपणास विनंती आहे.

ज्यांची शेड आधीच उभी आहे त्यांनाही बरेच काही करता येते. सर्व बोल्ट एकदा पान्याने तपासावेत, वर आलेल्या खिळ्यांच्या जागी स्क्रू घालावेत, कोपऱ्यांतील स्क्रूंची संख्या वाढवावी आणि वासा व खांब यांच्या जोडावर लोखंडी पट्ट्या चढवाव्यात. पाया नसलेल्या शेडसाठी जमिनीत पिळून बसवायचे मळसूत्री लोखंडी नांगर मिळतात. ते चारही कोपऱ्यांत खोलवर पिळून त्यांच्या टोकाशी शेडचा सांगाडा जाड पट्टीने आणि बोल्टने जखडावा. नुसत्या छतावरून दोर टाकून तो खुंट्यांना बांधणे पुरेसे नाही, कारण दोर पत्र्याच्या कडेवर घासून कापला जातो आणि पावसाने माती मऊ झाल्यावर खुंट्या उपटल्या जातात.

आपला विश्वासू,
एक वाचक